गाडी बदलली म्हणून भाडंही दुसऱ्या कंपनीला?

ब्रिटनमध्ये रेल्वेगाडी रद्द झाली आणि तुम्ही दुसऱ्या कंपनीच्या गाडीने गेलात, की तिकिटाचे पैसे तिला मिळतात, असा जुना समज आहे. तसं वाटणं स्वाभाविकच. पण लंडन–बर्मिंगहॅमसारख्या, अनेक कंपन्यांच्या मार्गावर सामायिक, म्हणजे कोणत्याही कंपनीच्या गाडीत चालणाऱ्या, तिकिटाच्या पैशांची वाटणी ‘ऑरकॅट्स’ ही संगणकप्रणाली वेळापत्रकावरून करते: गाड्या किती, किती वेगवान, म्हणजे प्रवासी कोणती निवडतील याचा अंदाज. तुम्ही प्रत्यक्ष कुठे बसलात, हे ती पाहत नाही. म्हणून एका दिवसाच्या गोंधळाने वाटे बदलत नाहीत.

तिकीटच पाहा. मार्गाच्या जागी ‘एनी परमिटेड’ (कोणताही मान्य मार्ग) असेल तर ते सामायिक; एकाच कंपनीचं नाव असेल तर पैसे तिचेच. उशिराची भरपाई मात्र जिच्या गाडीमुळे उशीर झाला, तिच्याकडेच मागायची.