अकूस्टिक गिटारच्या तारा : ‘ब्रॉन्झ’ आणि ‘लाइट’ हे शब्द आले कुठून

धोबीतलावला वाद्यांच्या दुकानात तारा मागितल्या की हल्ली काउंटरवर आठ-दहा पाकिटं येऊन पडतात आणि घेणारा दोनच गोष्टी विचारतो, आवाज कुठल्याचा चांगला आणि बेंड, म्हणजे तार बोटाने ओढून सूर चढवणं, कुठल्यावर सोपं. दोन्हींची उत्तरं पाकिटावरच असतात, पण ती ज्या शब्दांत छापलेली असतात ते शब्द पन्नास ते नव्वद वर्षं जुने आहेत आणि त्यांचा आजचा अर्थ सरळ लागत नाही.

आतड्याच्या तारांचा काळ इथे सोडून देतो. पोलादी तारा पेलतील अशा बांध्याच्या गिटारी अमेरिकेत १९२० च्या दशकात नियमित बनायला लागल्या, एका जुन्या कंपनीने १९२२ मध्ये सुरुवात केली आणि मग बाकीचे वळले. तेव्हा अॅम्प नव्हता, बँडमध्ये बँजो आणि ट्रम्पेटसारख्या ब्रास वाद्यांच्या गर्दीत गिटार ऐकू यायची तर खोका मोठा आणि तारा जाड हे दोनच उपाय होते.

जाड तारांच्या पोलादी गाभ्यावर गुंडाळायला जो धातू १९३० च्या दशकात रुळला तो म्हणजे ८०/२० ब्रॉन्झ. खरा गोंधळ इथे आहे आणि मला तो महत्त्वाचा वाटतो, कारण आवाजाबद्दलचे निम्मे वाद यातूनच निघतात. ८०/२० म्हणजे ८० टक्के तांबं आणि २० टक्के जस्त. आता तांबं आणि जस्त म्हणजे काय हे आपल्याकडे भांडी घासणाऱ्या कुणालाही विचारा, ते पितळ. आपल्या नेहमीच्या पितळेत जस्त याहून जास्त असतं म्हणून रंग थोडा वेगळा दिसतो एवढंच. ब्रॉन्झ म्हणजे कासं, तांबं आणि कथील, आजी ज्या वाटीने तळपायाला तूप चोळायची ती काशाची वाटी. म्हणजे पाकिटावर कासं लिहिलंय आणि आत पितळ आहे, आणि हे नव्वद वर्षं असंच चालू आहे. फसवायचा हेतू असेल असं मी म्हणत नाही, व्यापारात ते नाव पडलं आणि चिकटलं, पण ते बदलायला हवं होतं असं माझं स्पष्ट मत आहे. खरं कासं तारांवर आलं ते १९७० च्या दशकात, फॉस्फर ब्रॉन्झ या नावाने, साधारण ९२ टक्के तांबं, ८ टक्क्यांच्या आसपास कथील आणि अगदी थोडा फॉस्फरस. तोवर ब्रॉन्झ हे नाव पितळेने अडवून ठेवलेलं, मग नव्याला पुढे फॉस्फर लावून वेगळं दाखवावं लागलं, आणि घेणाऱ्याला वाटतं की दोन्ही एकाच धातूचे दोन प्रकार आहेत. ते तसे नाहीत.

मुंबईत हा फरक पुस्तकी राहत नाही. पितळेच्या तारा पहिल्या दिवशी इतक्या चकचकीत वाजतात की ऐकणारा वळून बघतो, पण जस्ताला घाम आणि खारी हवा सोसत नाही. मी माहीमला समुद्राजवळ राहायचो तेव्हा एकदा जूनमध्ये ८०/२० चा नवा सेट चढवला, दुसऱ्या आठवड्यात चौथ्या तारेवर पहिल्या तीन फ्रेटपाशी (मानेवरच्या आडव्या पट्ट्यांपाशी) काळपट हिरवट डाग, फडक्याने पुसली तर फडकं काळं, आणि आवाज असा की तारेवर कुणी बोट ठेवून बसलंय. फॉस्फर ब्रॉन्झचा आवाज सुरुवातीलाच थोडा उबदार, कमी झगझगीत, पण तो टिकतो, आणि तो टिकावा म्हणूनच ते आणलं गेलं होतं. १९९० च्या दशकाच्या शेवटी कोटिंगवाल्या तारा आल्या, तारेवर प्लास्टिकचा अतिपातळ पापुद्रा, किंमत दुप्पट आणि त्याहून जास्त, पण पावसाळ्यात इथे त्या पैसे वसूल करतात. १९९१ च्या आधी बाहेरच्या तारा मिळणं मुश्किल होतं, आम्ही सुटी तार कागदाच्या पुडीत घ्यायचो, ‘दादा, ई ची एक द्या’, जाडी कोण विचारतंय, दुकानदार देईल ती.

आता बेंडकडे. वरच्या सुरांच्या, म्हणजे सगळ्यात बारीक, दोन तारा कुठल्याही सेटमध्ये साध्या पोलादाच्याच असतात, त्यामुळे पितळ की कासं हा प्रश्न तिथे लागूच होत नाही, तिथे फक्त जाडी. आणि जाडीचं नाव ‘लाइट’. अकूस्टिकवर लाइट म्हणजे १२-५३ म्हणजे पहिली तार ०.०१२ इंच आणि सहावी ०.०५३, इलेक्ट्रिकवर लाइट म्हटलं की साधारण १०-४६. कारण अकूस्टिकची नावं जुन्या १३-५६ च्या मापाने पडलीत, ते आजही मीडियम आहे, त्याच्याखालचं ते लाइट. इलेक्ट्रिकवाल्यांनी १९६० च्या दशकात तारा पातळ केल्या, आधी तर लोक पहिलीच्या जागी बँजोची तार लावून बाकीच्या एकेक घर खाली सरकवायचे आणि सहावी फेकून द्यायचे, मग तसे सेटच विकायला आले. अकूस्टिकची नावं मात्र तशीच राहिली, आणि इलेक्ट्रिकवरून येणारा पोरगा लाइट मागून १२ घरी नेतो आणि बोटं धरून बसतो.

०.०१० आणि ०.०१२ मधला फरक मिलिमीटरच्या विसाव्या भागाएवढा, पण साडेपंचवीस इंचांच्या स्केलवर (तारेच्या वाजणाऱ्या लांबीवर) पहिल्या तारेचा ताण सुमारे ७.३ किलोवरून १०.६ किलोवर जातो, म्हणजे ४४ टक्के जास्त. ११ वर तो ९ किलोच्या जवळ. साध्या तारेला एक सूर चढवायला ओढावं तेवढंच लागतं, जाड असो की पातळ, जाडीला फक्त जोर ताणाच्या प्रमाणात जास्त लागतो. म्हणूनच सितारवाल्यांना बाजाची तार जवळपास गिटारच्या १२ एवढीच जाड असून मींड जमते, ती लांब असते आणि बरीच खालच्या स्वरात लावलेली असते, ताण कमी. गिटार अर्धा स्वर उतरवून लावली तरी ताण ११ टक्के उतरतो, १२ आवडणाऱ्यांनी आधी हे करून बघावं. माझ्या मते आवाज आणि बेंड दोन्ही हवं असणाऱ्याने फॉस्फर ब्रॉन्झमध्ये ११-५२ घ्यावा, १० वर खोका नीट हलत नाही, स्ट्रमिंग पातळ वाटतं.

तिसऱ्या तारेचा वाद मात्र मिटलेला नाही. इलेक्ट्रिकवर ती साधी झाली, अकूस्टिकवर गुंडाळलेलीच राहिली, १० च्या सेटमध्ये ०.०२० ते ०.०२३ आणि १२ मध्ये ०.०२४ च्या आसपास. गुंडाळी फक्त वजन वाढवते, ताण सगळा आतल्या बारीक गाभ्यावर, तो आधीच ताणलेला, त्यामुळे बोटाने तेवढीच ढकलली तरी सूर कमी चढतो आणि ब्लूजचा बेंड तिथे अर्ध्यावर राहतो. म्हणून काही जण तिथे ०.०१७ किंवा ०.०१८ ची साधी तार लावतात. बेंड होतो, पण साधी तार फ्रेटवर दाबल्यानेही सूर चढवते, आणि अकूस्टिकचं सॅडल, म्हणजे खोक्यावरचा तारांचा टेकू, गुंडाळलेल्या तिसऱ्या तारेच्या हिशोबाने घासलेलं असतं, त्यामुळे मोकळी तिसरी, म्हणजे ‘जी’, सुरात आणि तिच्या दुसऱ्या फ्रेटवरचा ‘ए’ तीव्र. ज्यांना साधी तिसरी कायमची हवी आहे ते कारागिराकडून सॅडल बदलून घेतात, तिसऱ्या तारेखालचा टेकू मागे सरकवून, आणि मग त्या गिटारवर पुन्हा गुंडाळलेली लावली की ती खाली उतरलेली ऐकू येते.