फिनलंडचे जुने कागदी चलन

फिनलंडचे जुने कागदी चलन म्हणजे 1812 पासून 2002 मध्ये युरोच्या नोटा येईपर्यंत बँक ऑफ फिनलंडने काढलेल्या रूबल व मार्क्का या चलनांतील नोटा. 1809 मध्ये हा प्रदेश स्वीडनकडून रशियाकडे गेला आणि 1811 च्या हुकमाने तुर्कू येथे स्थापन झालेल्या, पुढे 1819 मध्ये हेलसिंकीला हलवलेल्या या बँकेने सुरुवातीला कोपेकमधील (रूबलचा शंभरावा भाग) लहान रकमेच्या नोटा काढल्या. मात्र स्वीडिश पैसा व्यवहारातून मागे पडायला 1840 ची चलनसुधारणा यावी लागली.

झार दुसरा अलेक्झांडर याने 1860 मध्ये मार्क्का या स्वतंत्र चलनाला मंजुरी दिली. एक मार्क्का पाव रूबलचा असल्यामुळे 1862 च्या 12 व 40 मार्क्कांच्या नोटा अनुक्रमे 3 व 10 रूबलच्या बरोबरीच्या होत्या. आज विचित्र वाटणाऱ्या या आकड्यांमागे एवढाच हिशेब होता. मार्क्का 1865 मध्ये रुप्याशी आणि 1870 च्या दशकाअखेर सोन्याशी जोडला गेला. 1886 पासून नोटा काढण्याचा अधिकार केवळ बँक ऑफ फिनलंडकडे राहिला.

1918 च्या यादवीत हेलसिंकीतील बँक लाल पक्षाच्या, म्हणजे समाजवादी बंडखोरांच्या, ताब्यात गेली. त्यांनी बँकेच्या छापखान्यात छापलेल्या नोटा विजयी सरकारने अनुक्रमांकांवरून ओळखून रद्द ठरवल्या. वास्तुशिल्पी एलिएल सारिनेन याने आरेखित केलेल्या 1922 च्या मालिकेतील मोठ्या मूल्याच्या नोटांवर नग्न स्त्री-पुरुषांचे समूह होते. सरकारी नोटेच्या मानाने हे धाडसच म्हटले पाहिजे.

या इतिहासातील सर्वांत कठोर उपाय युद्धोत्तर महागाईच्या काळात योजला गेला. 1946 च्या प्रारंभी 500, 1,000 व 5,000 मार्क्कांच्या नोटा कात्रीने मधोमध कापायच्या होत्या : डावा अर्धा भाग मूळ रकमेच्या निम्म्या किमतीने काही आठवडे चालणार होता, तर उजवा अर्धा भाग म्हणजे सरकारला दिलेले सक्तीचे कर्ज होते. बँकांतील ठेवींना हात लावला गेला नाही, त्यामुळे घरात रोकड ठेवणाऱ्यांवरच सारा भार पडला आणि महागाईही आटोक्यात आली नाही.

1963 मध्ये 100 जुन्या मार्क्कांचा एक नवा मार्क्का झाला. 1986 च्या मालिकेत धावपटू पावो नुर्मी 10 च्या, तर संगीतकार यान सिबेलिउस 100 मार्क्कांच्या नोटेवर होते. युरो आल्यानंतर जुन्या नोटा बदलून घेण्याची मुदत 29 फेब्रुवारी 2012 रोजी संपली.