मितींची संख्या, गुरुत्वाकर्षण व काल

अवकाशाच्या मिती (लांबी, रुंदी व उंची या स्वतंत्र दिशा) ३ ऐवजी कमी किंवा अधिक असत्या, तर गुरुत्वाकर्षणाचा नियम व घड्याळांची गती कशी बदलली असती, हा सैद्धांतिक भौतिकीतील मूलभूत प्रश्न आहे.

वस्तुमानाचा प्रभाव सर्व दिशांना सारखाच पसरतो. ३ मितींत गोलाचे पृष्ठफळ अंतराच्या वर्गाप्रमाणे वाढते, म्हणून न्यूटन यांचा व्यस्त वर्गाचा नियम मिळतो. ४ मितींत हेच आकर्षण अंतराच्या घनाच्या व्यस्त प्रमाणात घटते. अशा अवकाशात ग्रहांच्या कक्षा टिकाव धरू शकत नाहीत, हे पाउल एरेनफेस्ट यांनी १९१७ मध्ये दाखवले. किंचित धक्का बसला, तरी ग्रह सूर्यात कोसळेल किंवा कायमचा दूर जाईल.

आइन्स्टाइन यांच्या व्यापक सापेक्षता सिद्धांतानुसार गुरुत्वाकर्षणामुळे कालाची गतीही बदलते. कोल्हापूर समुद्रसपाटीपासून सुमारे ५५० मी. उंच असल्याने तेथील अणुघड्याळ रत्नागिरीच्या किनाऱ्यावरील घड्याळापेक्षा दिवसाला सुमारे ५ अब्जांश सेकंद पुढे जाते. अवकाशाला दोनच मिती असत्या, तर हा फरक उरला नसता. आणि या विषयातील सर्वांत विलक्षण निष्कर्ष हाच म्हणावा लागेल. डेझर, जॅकिव्ह व टूफ्ट यांनी १९८४ मध्ये दाखवले की, २ मितींच्या अवकाशात स्थिर बिंदुवस्तुमानाभोवतीचा (एका बिंदूत सामावलेल्या वस्तुमानाभोवतीचा) अवकाश सपाटच राहतो. कागदाच्या चकतीतून पाचर कापून कडा जुळवल्यावर शंकू व्हावा, तसा वस्तुमानाभोवतीचा एकूण कोन फक्त ३६० अंशांपेक्षा कमी होतो. परिणामी दोन स्थिर वस्तू एकमेकींना ओढत नाहीत आणि जवळचे व दूरचे घड्याळ एकाच गतीने चालते. न्यूटन यांचा नियम मात्र २ मितींतही आकर्षण सांगतो. म्हणजे ३ मितींत एकमेकांना जुळणारे हे दोन सिद्धांत येथे फारकत घेतात.

कालाच्याच मिती २ झाल्यास आजच्या स्थितीवरून उद्याची स्थिती सांगणारी समीकरणे निरुपयोगी ठरतात, असे मॅक्स टेगमार्क यांनी १९९७ मध्ये मांडले.

सापेक्षतेच्या भारतीय संशोधनात कोल्हापूरचे स्थान मोठ्या मानाचे आहे. विष्णु वासुदेव नारळीकर (जन्म १९०८) व त्यांचे पुत्र जयंत नारळीकर (जन्म १९३८) हे दोघेही कोल्हापूरचे. बनारस हिंदू विश्वविद्यालयात विष्णुपंतांच्या मार्गदर्शनाखाली काम करणाऱ्या प्रल्हाद चुनीलाल वैद्य यांनी प्रारण (प्रकाश व उष्णतेसारखी ऊर्जा) बाहेर टाकणाऱ्या ताऱ्याच्या गुरुत्वाकर्षणासाठी आइन्स्टाइन यांच्या समीकरणांचे उत्तर १९४३ मध्ये शोधले.

कालुझा (१९२१) व क्लाइन (१९२६) यांनी अवकाशाची आणखी एक, अतिसूक्ष्म गुंडाळलेली मिती कल्पिली. तशी मिती पुरेशी मोठी असल्यास अगदी जवळच्या अंतरावर व्यस्त वर्गाचा नियम ढळला पाहिजे. पण सुमारे ०.०५ मिमी.पर्यंतच्या मापनांत तो ढळलेला आढळलेला नाही.