चांद्रयानाची तिजोरी आणि कळवा हॉस्पिटलची तिजोरी

ऑगस्ट २०२३ मध्ये ठाणे महापालिकेच्या कळव्यातल्या छत्रपती शिवाजी महाराज रुग्णालयात चोवीस तासांत १८ रुग्ण दगावले. त्यानंतर दहाच दिवसांनी, २३ ऑगस्टला, चांद्रयान-३ मोहिमेचा विक्रम लँडर चंद्रावर उतरला. या दोन बातम्या इतक्या लागून आल्या की "चंद्रावर जायला पैसे आहेत आणि कळव्यात नर्स ठेवायला नाहीत" हे वाक्य आपोआप तयार झालं. नाक्यावर, लोकलमध्ये, सोसायटीच्या ग्रुपवर ते आजही अधूनमधून निघतं.

त्यामागचा राग खोटा नाही. घोळ एवढाच आहे की या वाक्याने दोन वेगळ्या तिजोऱ्यांना एकच कुलूप लावलंय.

इस्रो ज्याच्याखाली येते तो अवकाश विभाग केंद्र सरकारचा. २०२५-२६ च्या केंद्रीय अर्थसंकल्पात त्याला सुमारे १३,४१६ कोटींची तरतूद होती आणि अर्थसंकल्प होता ५० लाख ६५ हजार कोटींचा. म्हणजे शंभर रुपयांतले सव्वीस पैसे. चांद्रयान-३ चा खर्च साधारण ६१५ कोटी, तोही काही वर्षांत मिळून झालेला. ही तिजोरी आयकर, कंपनी कर, जीएसटी यांच्यावर भरते आणि कमी पडलं की केंद्र कर्ज काढतं. त्या वर्षी तुटीचं उद्दिष्टच जीडीपीच्या ४.४ टक्के होतं.

ठाणे महापालिकेचा वर्षाचा अर्थसंकल्प पाच हजार कोटींच्या आसपास असतो. मालमत्ता कर, पाणीपट्टी, शहर विकास विभागाकडे बिल्डरांनी भरलेलं शुल्क, मुद्रांक शुल्कातला वाटा आणि राज्याचं अनुदान, ही मुख्य कमाई. पूर्वी जकात होती, मग एलबीटी म्हणजे स्थानिक संस्था कर आला, जुलै २०१७ पासून जीएसटीमुळे तेही गेलं आणि त्याची भरपाई राज्याकडून येऊ लागली. घोडबंदर रोडवर टॉवर उभे राहतात तोवर शहर विकासचं उत्पन्न बरं असतं; घरांची विक्री थंडावली की पालिकेची पुढची बिलं रखडायला लागतात. आणि केंद्रासारखं मनात आलं म्हणून पालिकेला कर्ज उचलता येत नाही, त्याला राज्याची मंजुरी लागते. कळवा हॉस्पिटल चालतं ते या दुसऱ्या तिजोरीतून.

"पण केंद्राचे पैसे शेवटी खाली येतातच की!" हा आक्षेप बरोबर आहे, म्हणून हिशेब करूनच बघू. केंद्र आणि राज्यांमधली करवाटणी वित्त आयोग सुचवतो. पंधराव्या वित्त आयोगाच्या सूत्रानुसार २०२५-२६ पर्यंत केंद्राच्या वाटपयोग्य करांपैकी ४१ टक्के राज्यांना जात होते आणि त्यात महाराष्ट्राचा वाटा ६.३१७ टक्के होता. समजा चांद्रयान-३ झालंच नसतं आणि त्याचे सगळे ६१५ कोटी याच सूत्राने वाटले गेले असते. राज्यांना मिळून २५२ कोटी. त्यातले महाराष्ट्राला जेमतेम १६ कोटी. हे १६ कोटी गडचिरोलीपासून सिंधुदुर्गापर्यंत सगळ्यांचे. ठाण्याच्या वाट्याला काय आलं असतं ते ज्याने त्याने मनात धरावं. शिवाय हेही समजाच. प्रत्यक्षात वाटणी होते ती गोळा झालेल्या कराची. केंद्राने एखादी मोहीम रद्द केली म्हणून राज्याला एक रुपयाही जास्त मिळत नाही. तो पैसा केंद्राच्याच दुसऱ्या कशाला तरी जाईल, नाहीतर तूट तेवढी कमी दिसेल.

सोसायटीच्या मीटिंगमध्ये कोणी उठून "मेट्रो-४ वर एवढा खर्च चाललाय म्हणून आपली लिफ्ट बंद आहे" असं म्हणालं, तर सेक्रेटरी हसेल. चंद्र आणि कळव्याचा संबंध जवळपास तेवढाच आहे, फक्त इथे हसण्यासारखं काही नाही.

इस्रोची बाजू घेणारे मात्र इथेच एक उडी मारतात, ती मला पटत नाही. ते म्हणतात, अवकाशातून आपल्याला हवामानाचा अंदाज मिळतो, वादळाची सूचना मिळते, मग प्रश्नच कुठे येतो? प्रश्न येतो, कारण "इस्रो" या एका नावाखाली शोधमोहिमा आणि रोजच्या सेवा असे दोन वेगळे खर्च लपलेले असतात. फेब्रुवारी २०२४ मध्ये सोडलेला इन्सॅट-३डीएस हा हवामान उपग्रह पाहा. त्याचा सगळा खर्च पृथ्वी विज्ञान मंत्रालयाने केला. पावसाळ्यात ठाणे-पालघरला रेड अलर्ट द्यायला अशाच उपग्रहांची चित्रं उपयोगी पडतात. त्याचं श्रेय चांद्रयानाच्या खात्यावर जमा करायचं आणि मग चांद्रयानाला प्रश्न विचारायचा नाही, ही लबाडी झाली. "पैसे चंद्रावर नाही, इथेच खर्च झाले, रॉकेटची इंजिनं तर विक्रोळीत गोदरेजमध्ये बनतात" हाही युक्तिवाद तसाच. हॉस्पिटलवर केलेला खर्चसुद्धा इथेच राहतो आणि इथल्याच माणसांचे पगार होतो.

तेव्हा शोधमोहिमेवरचा खर्च शोध म्हणूनच तोलावा. ६१५ कोटींत चंद्रावर अलगद उतरणं जमत असेल तर मला तो महाग वाटत नाही. गगनयानचं तसं नाही. २०१८ मध्ये माणूस अवकाशात पाठवण्यासाठी सुमारे नऊ हजार कोटी मंजूर झाले होते. सप्टेंबर २०२४ मध्ये व्याप्ती वाढवून, पुढच्या अवकाश स्थानकाचं पहिलं मोड्यूलही त्यात धरून, आकडा २०,१९३ कोटींवर गेला. वरचंच सूत्र लावलं तर महाराष्ट्राचे पाचशे कोटींहून जास्त होतात. याचं कारण, टप्पे आणि हिशेब कडकपणे विचारायला हवा, आणि तो विचारायची जागा लोकसभा आहे. ठाण्याच्या खासदाराला हे विचारणारा मतदार मात्र मला अजून भेटलेला नाही.

मग कळव्याचा प्रश्न कोणाला विचारायचा? इथे आणखी एक तिजोरी मध्ये येते, राज्याची. ठाण्याचं सिव्हिल हॉस्पिटल राज्याचं, कळवा पालिकेचं. नव्या इमारतीसाठी २०२३ मध्ये सिव्हिल मनोरुग्णालयाच्या आवारात हलवलं आणि भार कळव्यावर येऊन पडला. म्हणजे निर्णय एका तिजोरीचा आणि ताण दुसरीवर. आणि राज्याच्या तिजोरीत स्पर्धा कशाशी आहे हेही बघायला हवं. २०२५-२६ मध्ये एकट्या लाडकी बहीण योजनेसाठी ३६,००० कोटींची तरतूद होती, अवकाश विभागाच्या अडीचपटीहून जास्त. योजना चांगली की वाईट हा वेगळा वाद. पण ठाण्यातल्या खाटांशी थेट टक्कर घेणारा आकडा शोधायचाच असेल तर तो मुंबईत मंत्रालयात सापडतो. त्यासाठी श्रीहरिकोटापर्यंत जायला नको.

पालिकेत विचारावं म्हटलं तर बराच काळ तिथे विचारणाराच नव्हता. ठाण्यातल्या नगरसेवकांची मुदत मार्च २०२२ मध्ये संपली, नवी मुंबईत तर मे २०२० मध्येच. पुढची कित्येक वर्षं दोन्हीकडे प्रशासक. आयुक्तांनी अर्थसंकल्प मांडायचा आणि प्रशासक म्हणून आयुक्तांनीच मंजूर करायचा. म्हणजे कळव्यात ते रुग्ण दगावले त्या वर्षी चांद्रयानाचे पैसे निवडून आलेल्या सभागृहात मंजूर होत होते, कळव्याच्या औषधांचे मात्र नाहीत.

आणि पैसा आला तरी नर्स येईलच असं नाही. केंद्र २०२०-२१ पासून राज्यांना पन्नास वर्षांच्या मुदतीचं बिनव्याजी कर्ज देतं, पण ते भांडवली कामांसाठी. त्यातून इमारत बांधता येते, पगार देता येत नाही. पगारासाठी पालिकेला आस्थापना खर्च, म्हणजे कर्मचाऱ्यांच्या पगार-भत्त्यांचा खर्च, ३५ टक्क्यांच्या आत ठेवण्याची अट पाळावी लागते; ती मोडली की नव्या भरतीची मंजुरी अडते. मग ठेकेदाराकडून माणसं घेतली जातात आणि त्यांचा पगार खर्चाच्या दुसऱ्याच शीर्षाखाली पडतो. कळव्याची चौकशी करायची असेल तर पालिकेच्या अर्थसंकल्पाच्या पुस्तकात आधी हे पाहावं: रुग्णालयाची मंजूर पदं किती, भरलेली किती, आणि ठेक्याची माणसं कुठल्या पानावर दाखवली आहेत.