एकाच नावाखाली राहिलेल्या अळंब्या

खाण्याजोग्या रानअळंब्यांच्या जवळच्या प्रजाती वेगळ्या ओळखणं आज इतकं अवघड का वाटतं, याचं एक कारण त्यांच्या नावांच्या इतिहासात आहे. स्वीडिश निसर्गशास्त्रज्ञ लिनियसने १७५३मध्ये पिवळ्या शँटरेल या अळंबीला नाव दिलं, फ्रेंच वनस्पतिशास्त्रज्ञ बुलियारने १७८२मध्ये बोलेटस एड्युलिसला, म्हणजे पोर्चिनीला. टोपी, देठ, रंग आणि वास एवढ्यावरच तेव्हा सगळं ठरायचं. ही युरोपातली नावं पुढे जगभरच्या तशाच दिसणाऱ्या अळंब्यांना सरसकट चिकटली.

स्वीडनच्या एलियास फ्रीसने १८२१पासून बीजाणूंच्या रंगाला वर्गीकरणात मानाचं स्थान दिलं. टोपी रात्रभर कागदावर पालथी ठेवली की बीजाणूंचा ठसा उमटतो. खाल्ल्या जाणाऱ्या आर्मिलेरिया या अळंबीचा ठसा पांढरा, तर तशाच लाकडावर उगवणाऱ्या प्राणघातक गॅलेरिनाचा गंजासारखा तपकिरी. ही खूण आजही जीव वाचवते. पण सख्ख्या प्रजातींचे ठसे बहुधा सारखेच येतात, तिथे ती कामाची नाही.

खरं वळण आलं ते आर्मिलेरियामुळे, आणि मला हा प्रयोग या साऱ्या इतिहासात सर्वांत देखणा वाटतो. फिनलंडच्या कारी कोर्होनेन यांनी एकेका बीजाणूपासून बुरशी वाढवली आणि दोन-दोन नमुने एकाच बशीत शेजारी ठेवले. जोडी जुळली, तर पांढरी, कापसासारखी फुललेली वाढ बसून सपाट, गडद होते. जुळली नाही, तर दोन्ही तशाच फुललेल्या राहतात. जे जुळत नाहीत ते एका प्रजातीचे कसे म्हणायचे? १९७८मध्ये युरोपात तोवर एकच प्रजाती मानल्या गेलेल्या 'आर्मिलेरिया मेलिया'तून अशा पाच प्रजाती निघाल्या. पुढच्याच वर्षी उत्तर अमेरिकेत दहा गट सापडले.

नंतर डीएनए आला. २०१२मध्ये आयटीएस हा डीएनएचा तुकडा बुरशींच्या ओळखीसाठी प्रमाण मानला गेला. २०१४मध्ये लंडनमध्ये विकत घेतलेल्या वाळवलेल्या पोर्चिनीच्या एकाच पाकिटात तोवर शास्त्रीय नावच नसलेल्या तीन प्रजाती आढळल्या. हे तुकडे चीनहून आलेले. तिथे लोक त्या आधीपासून खात होतेच.

मात्र डीएनएने नजरेचं काम संपवलं, असं मुळीच नाही. उत्तर अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावरची शँटरेल दीर्घकाळ युरोपच्याच नावाने ओळखली जायची. ती वेगळी, कँथरेलस फॉर्मोसस, हे १९९७मध्ये पक्कं झालं. २००३मध्ये तिच्या शेजारची कॅस्केडेन्सिसही वेगळी काढली गेली. त्यानंतर लोकांनी पुन्हा निरखून पाहिलं, तेव्हा फरक हाताशीच होते: कॅस्केडेन्सिसचा पिवळा रंग जास्त उजळ, देठाचं बूड बहुधा फुगीर. फॉर्मोससचा देठ खाली निमुळता होत जातो आणि टोपीवर बारीक खवले असतात. शिवाय शँटरेलच्या बाबतीत आयटीएसचा तुकडा वाचणंच जिकिरीचं असल्याने अभ्यासक टीईएफ-१ या जनुकाचा आधार घेतात.