शेवटचे एकशेवीस मीटर

एक हिशेब करून पाहू. प्रवासी विमानाची चाकं टेकली तेव्हा वेग होता ताशी २५० किलोमीटर, आणि एकसारखे ब्रेक लागले तर थांबायला १२०० मीटर लागणार आहेत. ६०० मीटर कापून झाल्यावर वेग किती उरला असेल? १२५ हे उत्तर चटकन तोंडात येतं. खरं उत्तर सुमारे १७७ आहे. गतिज ऊर्जा वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात असते, त्यामुळे ब्रेकनी निम्मी ऊर्जा जिरवली तरी वेग जेमतेम तीस टक्क्यांनी उतरतो. आता धावपट्टी १२० मीटरनं कमी पडली असं समजा. साठ-पासष्ट टनांचं ते धूड टोकावरून ताशी ७९ किलोमीटर वेगानं बाहेर पडेल.

हे मीटर कमी पडलेले दिसतात टोकाला, पण हातचे गेलेले असतात बहुतेकदा सुरुवातीलाच. विमान साधारण तीन अंशांच्या उतारानं खाली येतं आणि धावपट्टीच्या तोंडावरून सुमारे १५ मीटर उंचीवरून जातं. तिथे ते तीन मीटर जास्त उंच असेल, तर चाकं टेकण्याची जागा जवळजवळ ६० मीटर पुढे सरकते. नाक किंचित वर करून अलगद टेकवताना विमान तरंगत राहिलं, तर दर सेकंदाला ७० मीटर धावपट्टी नुसतीच मागे पडते. प्रवाशांना अलगद टेकलेलं विमान आवडतं. ओल्या धावपट्टीवर मात्र ठामपणे, थोडं आदळूनच टेकवणं चांगलं. त्यात वारा पाठीमागचा असेल तर जमिनीच्या तुलनेत वेग आणखी वाढतो. ७ ऑगस्ट २०२० रोजी कोझिकोडला भर पावसात, पाठवाऱ्यात उतरलेलं विमान २७०० मीटरच्या धावपट्टीवर निम्मी धावपट्टी ओलांडून टेकलं. धावपट्टी टेबलटॉप, म्हणजे टेकडीच्या सपाट माथ्यावरची; तिच्या पुढे उतार होता. २१ जणांचा जीव गेला.

टेकल्यावरही लगेच सगळं सुरळीत होतं असं नाही. चाकं जमिनीवर असली तरी पंख अजून विमानाला उचलत असतात. चाकांवर भार नसेल तर ब्रेक लागणार कशाला? म्हणून पंखांवरच्या झडपा, म्हणजे स्पॉयलर, उभ्या होतात, उचल मोडतात आणि वजन चाकांवर येतं. जोडीला इंजिनांचे थ्रस्ट रिव्हर्सर झोत पुढच्या बाजूला वळवतात. पण या गोष्टी हवेत चुकून घडल्या तर अनर्थ, म्हणून विमान खरोखर जमिनीवर आहे याची खात्री यंत्रणा आधी करून घेते.

या खातरजमेनंच १४ सप्टेंबर १९९३ ला वॉर्सात घात केला. लुफ्थान्साचं एअरबस ए-३२० जोरदार पावसात उतरत होतं. वाऱ्याचा इशारा मिळाल्यामुळे वैमानिकांनी वेग थोडा जास्त ठेवला होता आणि विमान एका बाजूला कललेलं होतं. प्रत्यक्षात वारा पाठीमागून निघाला. उजवी चाकं ७७० मीटरवर टेकली, डावी टेकली तब्बल नऊ सेकंदांनी, १५२५ मीटरवर. दोन्ही बाजूंच्या चाकांवर पुरेसा भार आल्याशिवाय रिव्हर्सर उघडणार नव्हते. स्पॉयलरना भाराऐवजी चाकांचं वेगानं फिरणंही चाललं असतं, पण तेही तोवर उठले नाहीत, कारण ओल्या धावपट्टीवर चाकंही पुरेशी फिरत नव्हती. वैमानिक रिव्हर्सरचा दांडा ओढतोय आणि यंत्रणा म्हणतेय, अजून आपण हवेतच आहोत! धावपट्टी होती २८०० मीटरची. विमान पलीकडच्या बांधावर आदळलं आणि दोघांचा मृत्यू झाला. यंत्रणा बिघडली नव्हती, ती ठरवून दिल्याप्रमाणेच वागली. मला या अपघातातली हीच गोष्ट सगळ्यात अस्वस्थ करणारी वाटते.

चाकं फिरेनाशी करणारं पाणी हा वेगळाच शत्रू. टायरखालून पाणी निसटायला वेळ मिळाला नाही तर टायर त्याच्या थरावर तरंगतो. नासाच्या जुन्या प्रयोगांतून निघालेल्या सूत्रानुसार २०० पीएसआय (दर चौरस इंचाला पौंड) दाबाच्या टायरसाठी हा धोका ताशी सुमारे २३५ किलोमीटरपासून पुढे असतो, म्हणजे नेमका उतरण्याच्या वेगाच्या आसपास. म्हणून धावपट्टीवर आडव्या खाचा पाडतात, सुमारे सहा मिलिमीटर रुंद आणि तेवढ्याच खोल. पाण्याला निघून जायला वाट मिळते.

धावपट्टीच्या पलीकडे मोकळी सुरक्षा-जागा असावी, शक्यतो २४० मीटर लांब, असं आंतरराष्ट्रीय नागरी विमान वाहतूक संघटना सांगते. जिथे जागा नाही तिथे चाकांखाली चुरा होणाऱ्या हलक्या काँक्रीटचा पट्टा घालतात. चाकं त्यात रुततात आणि ताशी १३० किलोमीटरच्या आसपासचा वेगही त्यात जिरू शकतो.

पण सगळ्यात स्वस्त उपाय हवेतच असतो: पुन्हा वर जाणं, म्हणजे गो-अराउंड. त्यात कमीपणा काहीच नाही. चाकं टेकल्यावरही हा मार्ग खुला असतो, फक्त रिव्हर्सर उघडले की बंद. ते परत मिटायला वेळ लागतो, आणि एखादा मिटलाच नाही तर एक इंजिन पुढे ढकलणार, दुसरं मागे. २२ मे २०१० ला मंगळूरला विमान खूप उंचावरून येत होतं. सहवैमानिकानं तीनदा गो-अराउंड सुचवलं. कॅप्टननं उतरणं चालू ठेवलं, विमान २४५० मीटरच्या धावपट्टीवर सुमारे १६०० मीटरवर टेकलं, ब्रेक लागले, रिव्हर्सर उघडले. आणि त्यानंतर कॅप्टननं पुन्हा उड्डाण करायचा प्रयत्न केला. १६६ जणांपैकी आठ वाचले.