राजकीय शिक्के आणि न ऐकू येणारा सूर

मुंबईत ‘रिपब्लिकन’ म्हटले की निळा झेंडा डोळ्यांसमोर येतो, कारण डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या संकल्पनेतून १९५७ साली स्थापन झालेल्या पक्षाचे ते नाव आहे. अमेरिकेत वाढलेल्या भाच्याला मात्र त्याच नावातून नकाशावर लाल रंगाने दाखवला जाणारा उजवा पक्ष दिसतो. आणि लालबाग-परळमधल्या त्याच्या मामांसाठी लाल रंग म्हणजे गिरणी कामगारांचा लाल बावटा. ‘लिबरल’ शब्दाचेही तसेच आहे. अमेरिकेत तो डावीकडे झुकणाऱ्यांना लावतात, तर ऑस्ट्रेलियात १९४४ साली स्थापन झालेला लिबरल पक्ष उजवीकडचा मानला जातो. व्हॉट्सअ‍ॅपवर मामा-भाचे वाद घालू लागतात, तेव्हा शब्द सारखेच असले तरी प्रत्येकाच्या मनातले राजकारण आपापल्या देशाचे असते.

आपल्याकडे तर शिक्का आणि सूर यांचे नाते फार जुने आहे. १९०७ साली सुरतेच्या अधिवेशनात काँग्रेस फुटली, ती जहाल आणि मवाळ अशा दोन गटांत. मतभेद मार्गांविषयी होते, परंतु मराठीत रूढ झालेली नावे स्वभावाची आणि स्वराची होती. पुढे १९१८ साली मवाळांनी मुंबईतच वेगळी परिषद भरवली आणि ते ‘लिबरल’ म्हणून ओळखले जाऊ लागले. त्यामुळे या शहराच्या इतिहासात हा शब्द सनदशीर, संयमी राजकारणाशी जोडलेला आहे. आज तोच शब्द अनेकदा हिणवण्यासाठी वापरला जातो.

लिहिलेल्या मजकुरातून सूर किती पोहोचतो, हे मानसशास्त्रज्ञ जस्टिन क्रूगर, निकोलस एप्ली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००५ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत तपासले. काही वाक्ये गंभीरपणे, तर काही उपरोधाने, ई-मेलने किंवा आवाजातून पाठवायची आणि समोरच्याने ती ओळखायची, असे त्यांचे स्वरूप होते. बहुतेक वेळा आपला सूर बरोबर ओळखला जाईल, अशी पाठवणाऱ्यांना खात्री होती. आवाजातून तो बऱ्यापैकी ओळखला गेला. ई-मेलमधून मात्र नाणे उडवून अंदाज बांधावा त्याहून फारसे अधिक यश आले नाही. लिहिणाऱ्याला स्वतःचा आवाज मनात ऐकू येत असतो आणि तो वाचणाऱ्यापर्यंत गेलेलाच नाही, हे त्याच्या ध्यानात येत नाही, असे संशोधकांचे स्पष्टीकरण आहे.

मराठीत या अडचणीत सर्वनामांची भर पडते. एरवी ‘तू’ म्हणणारा मित्र वादात अचानक ‘आपण’वर येतो आणि ‘साहेब, आपण जरा अभ्यास वाढवा’ असे लिहितो, तेव्हा आदरार्थी रूपच धारदार झालेले असते. भाषेचे अभ्यासक पेनेलोपी ब्राऊन आणि स्टीफन लेव्हिन्सन यांनी बोलण्यातल्या सभ्यपणाच्या अभ्यासात दाखवले आहे की, औपचारिक भाषा माणसांतले अंतर राखते. जिथे अंतर नव्हते तिथे ते निर्माण करणे हाच मग दुखावण्याचा मार्ग ठरतो. मराठी घरात वाढलेल्याला हे लगेच कळते. ज्याचे सगळे शिक्षण इंग्रजीत झाले आणि ज्याला एकाच ‘यू’ची सवय आहे, त्याला तो सभ्यपणा वाटू शकतो, उलट त्याचे सरळ, बिनसंबोधनाचे उत्तर मामांना उद्धट वाटते. मला यात दोघांपैकी कोणाचाही दोष दिसत नाही.

ज्युलियाना श्रोडर आणि एप्ली यांनी सहकाऱ्यांसह २०१७ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात, वादग्रस्त प्रश्नांवरची विरोधी मते काहींना वाचायला, तर काहींना ऐकायला दिली होती. ज्यांनी ती बोलणाऱ्याच्या आवाजात ऐकली, त्यांना तो माणूस अधिक विचारी आणि समंजस वाटला.